चौथा फोटो

या, जवळ या. सतरंजीच्या कडेला कशाला बसता, मधे जागा आहे. कीर्तनकार उभा राहिला की माणसं कशी आपोआप सरकून एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतात, तसं बसा. आजची गोष्ट नागभीडच्या पलीकडच्या जंगलातली, पळसटोल्याची. हिच्यात वाघ आहे, पण त्यानं कुणाला बोटही लावलं नाही. ऐकायला ती जड जाईल. मलाही गेली होती. तरी मधेच उठू नका. शेवटी मला तुमच्याकडे एक मागायचं आहे.

१

फेब्रुवारीतला बुधवार. सकाळचे साडेसात. मनकर्णाबाई विहाराच्या पायरीवर खंजिरी उन्हात धरून बसल्या होत्या. थंडीत चामडं ढिलं पडतं, आवाज बसतो. एकतीस वर्षं सरकारी नर्स म्हणून फिरल्या, आता निवृत्त. पण पंचक्रोशीत कुठंही प्रबोधनाचं गाणं असलं की बाई आपल्या स्कुटीवर खंजिरी अडकवून हजर. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली.

देवरावची बायको अनवाणी धावत आली.

"बाई, चाला लवकर. हर्षा दार उघडून नाई राह्यली."

"काऊन? काय झालं?"

तिनं तोंडाला पदर लावला. "पोरीचा फोटो सुटला जी. तसला. साऱ्या गावाच्या फोनवर हाय."

बाई उठल्या ते खंजिरी पायरीवरच ठेवून. हर्षा पंधरा वर्षांची, दहावीत. वाटेत बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी कोणी पाह्यला?"

"आमच्या घरी एकच फोन, तोही ह्यांच्या खिशात. मी काय पाहू? कुलदीपनं आणून ह्यांले दाखवला."

त्या फोटोत काय होतं ते मी सांगणार नाही. बाईंनीही पाहिला नाही. अंगणात तिघा-चौघांनी फोन पुढं केले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "खिशात टाका. लेकरू हाय ते."

देवराव अंगणात येरझारा घालत होता, हातात वाघपथकाची काठी. या बाजूला प्रत्येक गावात असा एक माणूस असतो. पहाटे शिवारात फिरायचं, वाघाचे ठसे दिसले की चार फोटो काढायचे: पंजाचा, चालीचा, जागेच्या खुणेचा आणि झाडावरच्या ओरखड्याचा. पंजा किती मोठा ते कळावं म्हणून देवराव शेजारी आपली चुन्याची डबी ठेवायचा. आणि ठसे ज्या गावाकडे वळलेले, त्या गावच्या पथकवाल्याला ते फोटो लगेच धाडायचे. मागच्या साली निरोप यायला वीस मिनिटं उशीर झाला आणि कुकडटोल्याची एक बाई सरपण घेऊन परतलीच नाही. तेव्हापासून देवरावनं एक पहाट चुकवली नव्हती.

आज त्याचे डोळे लाल होते. "ज्यानं माझ्या पोरीचा फोटो सोडला त्याचा हात तोडतो मी. आणि हिले चारच्या गाडीनं मुलचेऱ्याले मामाकडे धाडतो. शाळा संपली तिची."

"नऊ दिवसांनी बोर्डाचा पेपर हाय तिचा."

"कोणतं तोंड घेऊन जाईन ते पेपराले?"

त्याच्या मागं कुलदीप उभा होता. वीस वर्षांचा, शेजारचाच. आसपासच्या पाच गावांतल्या पथकवाल्यांचे ठशांचे फोटो गोळा करून एका संस्थेसाठी त्याची नोंद ठेवायचा. गावात त्याला मान होता. तो नरमाईनं म्हणाला, "बाई, तुमी मधात नका पडू. हे त्या बारावीच्या लोकेशचंच काम हाय. मंगळवार सकायपासून फिरून राह्यला हा फोटो. त्याले चावडीवर बसवून ठेवलं आमी."

बाईंना त्या बोलण्यात काहीतरी खटकलं. काय, ते कळलं नाही. आतून दाराची कडी मात्र हलत नव्हती.

२

बाई दाराला पाठ लावून खाली बसल्या.

"हर्षा, मी हाव वं, नर्सबाई. तू आली तेव्हाही अशीच अडून बसली होती. सात तास. तेव्हा मी कुठी गेली नाई, आताही नाई जात. फक्त माझ्या कंबरेचा विचार कर."

बराच वेळ गेला. मग कडी निघाली.

पोरगी भिंतीला लागून बसली होती. समोर विज्ञानाचं पुस्तक, त्यात हॉलतिकीट. कोपऱ्यात आईनं भरलेली पिशवी. बाईंनी तिचा हात हातात घेतला, जुन्या सवयीनं नाडी पाहिली. नाडी पळत होती.

"मले कोणीच काही विचारून नाई राह्यलं," हर्षा म्हणाली. "सारे सांगूनच राह्यले."

"मी विचारतो. कोणाकोणाले पाठवला?"

"एकालेच. लोकेशले. सोमवारी, झोपाच्या आधी. शाळेच्या रस्त्यानं रोज म्हणे, पाठव, नाई तर तुझा माझ्यावर भरोसाच नाई."

"मंग?"

"पाठवला न मले भेव लागलं. एकच खूण उमटली होती, पोचल्याची दुसरी आलीच नाई. मी लगेच सगळ्यांसाठी डिलीट केला. मले वाटलं, गेला." तिनं बाईंकडं पाहिलं. "बाई, मले पोलीस नेईन का?"

"नाई."

"मामाकडं गेली तर मी काही परत येत नाई. तिथी लगनाचंच पाहतीन. पेपर द्याचा होता मले."

बाईंनी आईला खोलीत बसवलं. "हिले एक मिनिटही एकटी सोडू नका. तुमचा डोळा लागला तर शेजारणीले बसवा." आणि त्या चावडीकडे निघाल्या. चारला अजून सात तास होते.

३

ग्रामपंचायतीच्या खोलीत लोकेश जमिनीवर बसला होता. सतरा वर्षांचा, बारावीचा पोरगा. ओठ फुटलेला. दारात दहा-बारा माणसं.

बाईंनी आधी त्याचा ओठ पुसला. मग विचारलं, "फोटो आला तुले?"

"नाई आला जी. माझा फोन रविवारीच तलावात पडला. नागभीडले अयूबभाईकडं टाकला दुरुस्तीले. हे कोणी आयकूनच नाई राह्यले."

"मागितला होता?"

लोकेशनं फुटलेल्या ओठाला हात लावला.

"लोकेश, मागितला होता?"

"हाव."

"रोज?"

त्यानं मान खाली घातली. दारातून कुणीतरी म्हणालं, "पाहा, कबूल झाला. गावाबाहेर काढा पूर्ण घराले."

सरपंच वयस्कर, समजूतदार माणूस. "बाई, गावातली गोष्ट गावातच मिटवू ना. पोरीची अब्रू हाय. पोलीस आले की पेपरात येईन."

"सरपंचभाऊ," बाई म्हणाल्या, "मी नोकरीत असताना आमाले हे शिकवलं होतं. अठराच्या खालचं ते लेकरू. त्याचा असला फोटो काढाले लावणं, ठेवणं, पुढं पाठवणं, साराच गुन्हा. आणि माहीत असून पोलिसाले न सांगणं, हाही गुन्हाच. तुमाले सकायपासून माहीत हाय. मलेही दोन तास झाले. आता मी तरी गुन्हेगार व्हाले तयार नाई."

त्यांनी तिथंच फोन लावला, उपनिरीक्षक नंदिनी मडावींना. नंदिनीताई कोर्टात होत्या. "दोन-अडीचपर्यंत येते. कोणीही आपला फोन साफ करू नका, तोच पुरावा आहे. आणि त्या पोराला हात लावू नका, नाहीतर तुमच्यावरच दुसरा गुन्हा लागेल."

खोलीतली माणसं पहिल्यांदा आपापल्या खिशाकडे पाहू लागली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मंग तर उघडच हाय. फोन अयूबकडं होता ना? त्यानंच काढला फोटो. चाला नागभीडले, दुकानच फोडू."

तीन मोटारसायकली सुरू झाल्या.

४

बाईंची स्कुटी त्या मोटारसायकलींच्या आधी कशी पोचली हे नागभीडमध्ये अजून सांगतात. अयूबभाईंचं दुकान म्हणजे एक काचेचं टेबल आणि वर दिवा. बाईंनी हेल्मेट न काढताच सगळं सांगितलं. ते चष्म्यावरून पाहत राहिले. 

"नर्सबाई, माझ्याही दोन पोरी हायेत."

"म्हणूनच धावत आली. फोन दाखवा."

त्यांनी खणातून एक डबी काढली. आत फोनचे तुकडे: काच वेगळी, बॅटरी वेगळी, मधली सर्किटची पाटी हिरवट गंज चढलेली. "रविवारी संध्याकाळी आला. तेव्हाच खोलून ठेवला, पाणी सुकवाले. नवीन पाटी नागपूरवरून याची हाय. सिमकार्ड तर पोरगा तेव्हाच घेऊन गेला. ह्याच्यातून माशी नाई उडणार, फोटो कुठून उडीन?"

मोटारसायकली येऊन थांबल्या. सहा पोरं उतरली. बाईंनी ती डबी उचलून त्यांच्या पुढं धरली. "घ्या. ह्या फोनमधून फोटो काढून दाखवा. ज्याले जमलं त्यानं दुकानाले दगड मारा."

कुणी हात पुढं केला नाही. एक पोरगा पुटपुटला, "मंग फोटो आला कुठून?"

"तुले कुठून आला?"

"आमच्या क्रिकेटच्या ग्रुपवर. आज सकाई सहाले. कोणता तरी अनोळखी नंबर होता, तो आता बंद हाय."

"त्याच्या आधी, काल, तुमच्यापैकी कोणी पाह्यला?"

सगळ्यांनी माना हलवल्या. काल गावात कुणालाच काही माहीत नव्हतं.

बाई स्कुटीवर बसल्या आणि किल्ली फिरवायचं विसरल्या. सकाळी जे खटकलं होतं ते आता लख्ख समोर उभं होतं. गावाला फोटो बुधवारी मिळाला. कुलदीप म्हणाला, मंगळवारी सकाळपासून फिरतोय. त्याला मंगळवार कुणी सांगितला?

पण त्याच्याकडे तरी कुठून आला असेल? लोकेशकडे पोचलाच नाही. हर्षानं वाटेतच मिटवला. म्हणजे फोटो जगात एकाच ठिकाणी उरला होता. जिथं काढला, तिथंच.

 घरी एकच फोन, असं हर्षाची आई म्हणाली होती.

५

नंदिनी मडावी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. लेकराचा जबाब घ्यायला वर्दी घालून जायचं नसतं, तिच्या घरी, तिला सोयीचं पडेल तसं बसायचं असतं. पाऊण तास त्या हर्षाशी बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा तीन वाजून गेले होते.

बाईंनी त्यांच्या कानात दोन वाक्यं सांगितली. मग त्या दोघी देवरावसमोर जाऊन बसल्या. सरपंच होते, कुलदीप होता, दारात शेजारपाजार.

"देवरावभाऊ," बाई म्हणाल्या, "कालची पहाट सांगा मले. मंगळवारची."

"ते काऊन? त्या पोट्ट्याचं सोडून माझी पहाट काऊन?"

"सांगा ना जी. ठसे दिसले होते?"

"दिसले. तलावाच्या खालच्या धानाच्या बांधीत. नर होता, मोठा."

"फोटो किती काढले?"

"चार. नेहमी चारच असते."

"चारही काढले? ओरखड्याचाही?"

देवराव थांबला. आठवत होता. "नाई. तीन झाले होते. डबी उचलाले वाकलो न बाजूच्या झुडपात चितळ ओरडलं, म्हंजे वाघ जवळच. ओरखडा पाहाले थांबलो नाई मी. पळत तलावाच्या पाळीवर आलो, तिथंच नेट भेटते. पंजे कुकडटोल्याकडं होते. लगेच झाडूले धाडले." झाडू म्हणजे कुकडटोल्याचा पथकवाला.

"कसे धाडले? दाखवा."

"कसे म्हणजे? हे असे." त्यानं फोन काढला. काच तडकलेली. जवळचं पाहायचा चष्मा त्याच्या खिशातही नव्हता, कधीच नसायचा पहाटे. फोटोंची चौकट उघडली, चार-चारच्या ओळी. आणि त्याचा अंगठा वरच्या ओळीवरून एका दमात फिरला, एक, दोन, तीन, चार, जसा वर्षभर रोज फिरत आला होता. "पाहात बसाले वेळ असते का जी? उशीर झाला तर माणूस मरते."

अंगठा चौथ्या चौकटीवर थांबलेला होता.

 मग नंदिनीताईंनी हळूच फोन त्याच्या हातातून घेतला, झाडूच्या नावापर्यंत गेल्या आणि वाचलं, "मंगळवार, सकाळी सहा बारा. चार फोटो. तीन ठशांचे आहेत. शेजारी चुन्याची डबी दिसतेय." चौथ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"नाई," देवराव म्हणाला.

"भाऊ, सोमवारी रात्री पोरीनं तुमच्याच फोननं काढला होता. निरोप मिटवला, पण फोटो फोनात राह्यला. तिले माहीत नव्हतं. तीन ठसे वर आले, चौथ्या जागी तो होता."

"नाई ना बाई. मी कसा... मी माझ्या हातानं?" त्यानं अंगठ्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "मी त्याचा हात तोडतो म्हणालो होतो."

तो मागं सरकून भिंतीला टेकला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या हातातून काठी सुटली.

६

"झाडूला आत्ताच विचारलं मी फोनवर," नंदिनीताई म्हणाल्या. "तोही फोटो पाहत नाही. ठसे मिळाले की गावात हाका मारतो आणि फोटो नोंदीसाठी एकाच माणसाला पुढं ढकलतो. काल सहा वाजून वीस मिनिटांनी ढकलले. चारही."

सरपंचांनी विचारलं, "कोणाले?"

उत्तराची गरज नव्हती. दारातली माणसं कुलदीपकडे पाहत होती.

"कुलदीप," बाई म्हणाल्या, "सकाई तू म्हणाला, मंगळवारपासून फिरून राह्यला. मंगळवारी गावात कोणाकडंच नव्हता तो. तुझ्याकडं होता. देवरावनं पाह्यला नाई, झाडूनं पाह्यला नाई. तुझं कामच पाहाचं. नोंद लिहाले तुले प्रत्येक फोटो उघडा लागते. तू उघडला, तिले ओळखलं, न तीन ठसे बाजूले काढून तो एक वेगळा केला."

"मी फक्त दोन मित्रांले..." तो सुरू झाला आणि थांबला. मग लहान पोरासारखं म्हणाला, "गंमत म्हणून जी. मले काय माहीत गावात येईन."

"क्रिकेटच्या ग्रुपवरचा अनोळखी नंबर?" नंदिनीताईंनी विचारलं. "तुझं दुसरं सिम नाही ना ते? आम्ही काढूच."

त्यानं खिशातून सिम काढून जमिनीवर ठेवलं.  "लोकेशचं नाव होईन, असं वाटलं. गावात सारेच त्या दोघांवर बोलत होते."

"आणि मंग तूच येऊन बापाले दाखवला," हर्षाची आई दारातून म्हणाली. "माझ्या हातचा चहा पेला रे तू सकाई."

नंदिनीताईंचा आवाज चढला नाही. "तुला वीस वर्षं पूर्ण आहेत. मुलीच्या संमतीचा प्रश्न इथं येतच नाही, ती पंधराची आहे. लेकराचा असा फोटो ठेवला, पुढं पाठवला. पॉक्सो लागेल, आयटी कायदा लागेल. तुझे दोन मित्र आणि त्यांनी ज्यांना पाठवला तेही येतील यात. तुरुंगाची वर्षं आहेत ही, गंमत नाही." मग त्या दारात उभ्या असलेल्या लोकेशच्या बापाकडे वळल्या. "तुमचा मुलगाही सुटला असं समजू नका. रोज मागे लागून मागत होता. वय सतरा, म्हणून बाल न्याय मंडळापुढं उभा राहील. पण त्याचा ओठ कुणी फोडला तेही मी लिहून घेणार आहे."

देवराव भिंतीपाशी होता. "ताई, माझंही नाव लिहा."

"लिहीन. तुमचा फोन जप्त होईल, जबाब होईल. माहीत असून केलं की नसून, ते कोर्ट ठरवेल. मला वाटतं ते मी इथं बोलणार नाही."

रस्त्यावर हॉर्न वाजला. चारची गाडी. पिशवी अंगणात, भरलेली.

देवराव उठला.  पिशवी उचलून तो दारापर्यंत गेला आणि तिथं थांबला, कारण दारात हर्षा होती. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. बाप तिच्याकडे पाहू शकत नव्हता, तीही त्याच्याकडे पाहू शकत नव्हती.

"माझ्या हातून गेला वं," तो तिच्या पायांकडे पाहत म्हणाला. "मीच होतो."

हर्षानं पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "वाघ आला होता का खरंच?"

"आला होता."

"मंग त्या गावाले कळलं ना?"

"कळलं. झाडूनं साऱ्या बाया घरी थांबवल्या."

रस्त्यावर गाडी पुन्हा वाजली आणि निघाली. देवरावनं पिशवी आत नेऊन खाटेखाली सरकवली. "पेपर किती वाजता असते तुझा?" त्यानं विचारलं.

"अकराले."

"मी सोडून देईन."

त्यानं नऊही दिवस पाच गावं पालथी घातली. स्वतः जाऊन, सायकलवर, कारण फोन पोलिसांकडे होता. ज्याच्या-ज्याच्याकडे फोटो पोचल्याचं नंदिनीताईंच्या यादीत होतं, त्याच्या दारात तो उभा राहायचा आणि म्हणायचा, मी तिचा बाप, माझ्याच हातून सुटला, पोलिसांनी पाहून झालं असंन तर पुसा जी. काहींनी पुसला. काहींनी दार लावून घेतलं. तो फोटो सगळीकडून कधी परत आला नाही. असा फोटो येतही नाही.

पहिल्या पेपराला केंद्राच्या फाटकासमोर तिघं बसली होती: देवराव, हर्षाची आई आणि मांडीवर खंजिरी घेतलेल्या मनकर्णाबाई. बाईंनी ती वाजवली नाही. परीक्षेचं केंद्र होतं.

आता माझं मागणं. हर्षा हे तिचं नाव नाही, पळसटोला हे तिचं गाव नाही. अशा लेकराचं नाव चारचौघांत सांगू नये असा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. तेव्हा तिचं नाव शोधू नका. पण ती आठवा. तुमच्या हातातल्या फोनवर कुणीतरी काहीतरी धाडेल, आणि तुमचा अंगठा पुढं पाठवायला आपसूक उचलला जाईल, त्या क्षणी भिंतीला टेकून विज्ञानाचं पुस्तक समोर घेऊन बसलेली एक पंधरा वर्षांची पोरगी आठवा. एवढं कराल ना?